वैद्याची परीक्षा आणि मागील प्रश्न

साडेपाच वर्षे वैद्यकाचा अभ्यास करून घरातला मुलगा किंवा मुलगी एम. बी. बी. एस. झाली म्हणजे आपण पेढे वाटतो आणि आता हिचे शिक्षण संपले असे समजतो. परंतु त्याच घरात पुढे वर्ष-दीड वर्ष रात्री दोन वाजेपर्यंत दिवा जळत असतो. पोर पुन्हा अभ्यासाला बसलेली असते. अस्थिरोग, बालरोग, स्त्रीरोग, भूलशास्त्र अशा एखाद्या शाखेत विशेषज्ञ व्हावयाचे तर आणखी एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. वडील कुतूहलाने तिच्या हातातले जाडजूड पुस्तक उघडून पाहतात, तो त्यांत रोगांचे वर्णन थोडे आणि प्रश्नच फार! मागे कोणत्या वर्षी काय विचारले, चार पर्यायांपैकी बरोबर कोणता, हेच पानोपानी छापलेले. वडिलांच्या मनात शंका येते, आणि ती योग्यच आहे. हा अभ्यास म्हणावा की अभ्यासाची पळवाट?

ही शंका केवळ त्या घरापुरती नाही. उद्या याच मुलीच्या हाती आपल्यापैकी कोणाचा तरी जीव असणार आहे. म्हणून मागील प्रश्नांवर तयारी करण्याची ही चाल आली कोठून आणि तिने आजवर काय साधले, काय बिघडवले, याचा इतिहास नागरिकांनीही पाहावयास हवा. तो इतिहास आपण समजतो त्याहून पुष्कळच जुना आहे.

वैद्याची परीक्षा घ्यावी ही कल्पना आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून आहे. राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने व्यवसायास लागावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. शस्त्रकर्माचा हात बसावा म्हणून भोपळा, काकडी, पाण्याने भरलेली पखाल अशा वस्तूंवर सराव करावा, यासाठी तिने स्वतंत्र अध्यायच दिला आहे. चरकसंहितेत वैद्याने दुसऱ्या वैद्याशी संभाषा कशी करावी आणि शास्त्र जाणतो म्हणणाऱ्यास कोणते प्रश्न विचारावेत, याची चर्चा आहे. म्हणजे ठरीव प्रश्न विचारून ज्ञान पारखावयाचे ही रीत आपणास नवी नाही. आणि नुसत्या घोकंपट्टीचा धोकाही त्या आचार्यांनी ओळखला होता. अर्थ न समजता पाठ करणाऱ्यास सुश्रुताने चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्याला भार कळतो, सुगंध कळत नाही. आजच्या आपल्या विषयाचे सूत्र या एका उपमेत आहे.

पश्चिम आशियात 931 साली बगदादेस एक रोगी वैद्याच्या चुकीने दगावला, तेव्हा खलिफा अल्-मुक्तदिर याने सिनान इब्न साबित या आपल्या राजवैद्यास शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचा हुकूम केल्याची नोंद अरबी ग्रंथकारांनी करून ठेवली आहे. परीक्षेचा जन्म कशातून झाला ते येथे नीट दिसते. वैद्याला मान मिळावा म्हणून परीक्षा निघाली नाही, ती निघाली रोगी वाचावा म्हणून. पुढे परीक्षेभोवती कितीही मोठा डोलारा उभा राहिला तरी हे मूळ विसरून चालणार नाही.

आता मागील प्रश्नांच्या व्यापाराकडे वळू. या व्यापाराचे पहिले मोठे पीठ चीन होय. तेथे सरकारी अधिकारी निवडण्यासाठी शतकानुशतके लेखी परीक्षा होत. सोंग राजवटीत ठशांची छपाई स्वस्त झाली आणि पूर्वी उत्तीर्ण झालेल्यांचे निबंध पुस्तकविक्रेते छापून विकू लागले. उमेदवार मूळ ग्रंथ बाजूला ठेवून हे तयार निबंध पाठ करीत, आणि विद्वान मंडळी त्याविषयी त्रागा करीत. परीक्षागृहाच्या दारात अंगझडती होई, ती लपवलेल्या चिटोऱ्यांसाठी. तेव्हा गाईड हे आमच्या काळाचे पाप आहे असे समजणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. ज्या परीक्षेवर आयुष्याची भाकरी अवलंबून असते, तिच्याभोवती असा बाजार भरल्याशिवाय राहत नाही.

वैद्यकात हा बाजार प्रथम भरलेला दिसतो तो इंग्लंडात. 1815 साली तेथे अपॉथेकरीज अ‍ॅक्ट झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये अपॉथेकरी म्हणून, म्हणजे औषध देणारा सामान्य वैद्य म्हणून, धंदा करावयाचा तर पाच वर्षांची उमेदवारी आणि त्यावर लंडनच्या सोसायटी ऑफ अपॉथेकरीजची परीक्षा, असा नियम झाला. पुढे कवी म्हणून जगाला ठाऊक झालेला जॉन कीट्स 25 जुलै 1816 रोजी याच परीक्षेत उत्तीर्ण झाला. परीक्षा तोंडी असे. मोजके परीक्षक, हिरव्या कापडाचे टेबल आणि समोर घाबरलेला उमेदवार.

या तोंडी परीक्षेतूनच लंडनमध्ये एक नवा धंदा निघाला. खाजगी शिकवणी घेणाऱ्या या मास्तरांना तेथे ‘ग्राइंडर’ म्हणत. ग्राइंडर म्हणजे दळणारा. धान्य जात्यात घालून पीठ काढावे, तसे हे विद्यार्थ्यांना दळून उत्तीर्ण करून देत. त्यांचे भांडवल काय? परीक्षक थोडे, आणि प्रत्येकाचे काही आवडते प्रश्न. ते ठाऊक असले म्हणजे अर्धे काम झाले. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात 1841 साली लंडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यावर जी लेखमाला आली, तीत या ग्राइंडरची आणि त्याच्या वर्गाची यथेच्छ थट्टा आहे. आजच्या शिकवणीवर्गाची जाहिरात आणि ते वर्णन शेजारी शेजारी ठेवले तर फरक फक्त पोशाखाचा आणि फीच्या आकड्याचा उरेल.

विशेषज्ञाची म्हणावी अशी उच्च परीक्षाही तेथे याच सुमारास उभी राहिली. लंडनच्या शल्यवैद्यांच्या रॉयल कॉलेजला 1843 साली नवी सनद मिळाली आणि तिने ‘फेलो’ ही वरची पायरी निर्माण केली. एफ. आर. सी. एस. ही अक्षरे तेथून आली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबई-पुण्याचे कितीतरी डॉक्टर ती अक्षरे मिळवण्यासाठी बोटीने लंडन-एडिंबरोस गेले, आणि परतल्यावर दारावरच्या पाटीवर ती अभिमानाने लावली. आपल्यातील वयोवृद्ध श्रोत्यांनी अशा पाट्या पाहिलेल्या असतील.

आता मुंबईकडे येऊ. ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झाले. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य. 1851 साली तेथून पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड होते आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंगही होते. या पहिल्या तुकडीपाशी मागील प्रश्नांचा संग्रह कोठून असणार? त्यांच्यामागे कोणी नव्हतेच! त्यांना रोगी आणि ग्रंथ यांवरच अभ्यास करावा लागला. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघाले, 1860 साली कॉलेज त्यास जोडले गेले, आणि विद्यापीठाने लंडनच्या धर्तीवर लेखी परीक्षांची घडी बसवली.

त्या घडीतील एक गोष्ट मला मोठ्या मोलाची वाटते. विद्यापीठ दरवर्षी आपले ‘कॅलेंडर’ छापी आणि त्यात परीक्षांच्या प्रश्नपत्रिकाही छापी. साताऱ्याचा असो की कारवारचा, ज्याच्या हाती ते पुस्तक पडे त्याला गेल्या वर्षी काय विचारले ते कळे. ग्राइंडरचे गुपित येथे चव्हाट्यावर आले. लंडनमध्ये जे पैसे मोजून मिळे, ते येथे विद्यापीठच जाहीर करीत होते. परीक्षेचा दर्जा त्यामुळे उतरला काय? मुळीच नाही. उलट आपला प्रश्न उद्या छापला जाणार आहे, शहाणी माणसे तो वाचणार आहेत, या जाणिवेने परीक्षकालाही जपून लिहावे लागे. छापील प्रश्नपत्रिका ही विद्यार्थ्याची जितकी परीक्षा, तितकीच परीक्षकाचीही असते.

ही परंपरा आजही पूर्ण तुटलेली नाही. 1998 साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या एम. डी., एम. एस. परीक्षांत आजही दीर्घोत्तरी लेखी प्रश्न असतात, रोग्याला तपासून परीक्षकांसमोर उभे राहावे लागते, आणि मागच्या प्रश्नपत्रिका चाळणे हा निवासी डॉक्टरांचा सर्वमान्य पाठ आहे. पण या झाल्या शेवटच्या परीक्षा. त्या आधीच्या दारावरची, म्हणजे प्रवेशाची परीक्षा निराळ्या वळणाची आहे. तिचे वळण समजण्यासाठी अमेरिकेत जावे लागते.

बहुपर्यायी प्रश्न हे यंत्रयुगाचे अपत्य होय. 1915 च्या सुमारास कॅन्सस येथील फ्रेडरिक केली यांनी शाळकरी मुलांचे वाचन मोजण्यासाठी ठरीव उत्तराच्या प्रश्नांचा उपयोग केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने याच पद्धतीने लक्षावधी रंगरूट पारखले. त्याच वर्षांत, 1915 साली, वैद्यांच्या परीक्षेसाठी तेथे राष्ट्रीय परीक्षक मंडळ स्थापन झाले, आणि 1917 साली नेत्रवैद्यांचे पहिले विशेषज्ञ मंडळ. आरंभी या परीक्षा निबंधवजा उत्तरे, रोगी आणि तोंडी प्रश्न यांवर चालत. परंतु एकच उत्तर दोन परीक्षक तपासतात तेव्हा गुणांत जमीनअस्मानाचे अंतर पडते, असे आढळून आले. म्हणून 1950 च्या दशकात राष्ट्रीय मंडळाने निबंध सोडून बहुपर्यायी प्रश्न घेतले. परीक्षकाची लहर, ओळख, हस्ताक्षराचा प्रभाव, सारे एका फटक्यात गेले. हा लाभ लहान नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र या लाभाबरोबर एक अडचण आली. चांगला बहुपर्यायी प्रश्न तयार करणे फार कष्टाचे असते. बरोबर उत्तर एकच हवे, आणि उरलेले तीन पर्याय अर्धवट जाणणाऱ्यास खरे वाटतील असे हवेत. शिवाय यंदाची परीक्षा गतवर्षीपेक्षा सोपी की अवघड हे जोखण्यासाठी काही जुने प्रश्न मुद्दाम पुन्हा घालावे लागतात. म्हणून मंडळांनी प्रश्नांच्या पेढ्या उभारल्या आणि त्यांना कुलूप लावले. जे मुंबई विद्यापीठ छापीत होते, ते आता गुप्त झाले. आणि जेथे गुपित तेथे ग्राइंडर हा न्याय पुन्हा लागू झाला.

याचा बोभाटा 2012 साली झाला. अमेरिकेतील क्ष-किरणशास्त्राचे निवासी डॉक्टर परीक्षेतील प्रश्न पाठ करून बाहेर येतात, वाटून घेतल्याप्रमाणे आपापले प्रश्न उतरवून काढतात, आणि तो संग्रह पुढच्या तुकडीस देतात, ही चाल वर्षानुवर्षे सुरू असल्याचे एका वृत्तवाहिनीने उघडकीस आणले. मंडळाने यास फसवणूक म्हटले. अनेक डॉक्टर म्हणाले, सगळेच करतात. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. मंडळ तेच प्रश्न पुन्हा वापरी म्हणून पाठांतराला किंमत आली, आणि पाठांतराला किंमत आली म्हणून शिकणारा क्ष-किरणाच्या छायाचित्राऐवजी उत्तराचे अक्षर पाहू लागला. पुढील वर्षापासून मंडळाने नवी, संगणकावरची आणि छायाचित्रांवर भर देणारी परीक्षा आणली.

आपल्या देशातील कथा याच्याशी समांतर आहे. 1984 साली डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पदव्युत्तर वैद्यकाच्या सगळ्याच जागा राज्याच्या रहिवाशांसाठी राखून ठेवता येणार नाहीत, काही जागा अखिल भारतीय गुणवत्तेवर दिल्या पाहिजेत. त्यातून अखिल भारतीय पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा आली, ती बहुपर्यायी. पाठोपाठ मागील प्रश्नांची सोडवलेली पुस्तके आली. अधिकृत प्रश्नपत्रिका हाती नसल्याने परीक्षार्थींनी आठवून सांगितलेले प्रश्न त्यांत असत, आणि आठवणीत जी गफलत होई तीही छापली जाई. 2013 च्या प्रवेशासाठी ‘नीट-पीजी’ ही एकच परीक्षा आली. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली, 2016 साली तो निकाल मागे घेतला, आणि 2017 च्या प्रवेशापासून हीच परीक्षा कायम झाली.

2025 साली दोन लाखांहून अधिक डॉक्टर या परीक्षेस बसले. साडेतीन तासांत 200 प्रश्न. म्हणजे दर प्रश्नास जेमतेम एक मिनिट. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा. प्रश्नपत्रिका प्रसिद्ध होत नाही, आणि प्रश्न बाहेर सांगणार नाही असे उमेदवाराकडून कबूल करून घेतले जाते. उत्तरसूची पाहावयास मिळावी म्हणून परीक्षार्थी 2024 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. मे 2025 मध्ये न्यायालयाने उत्तरसूची व मूळ गुण जाहीर करण्यास सांगितले, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला परीक्षा दोन पाळ्यांत न घेता एकाच पाळीत घ्यावी असा हुकूम दिला. दोन पाळ्यांचे दोन निराळे पेपर समान कठीण असतात हे कोणी सिद्ध करावयाचे, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

येथे न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते आजच्या विषयातील तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रश्न खरोखर गुप्त राहतात काय? मोठ्या शहरातील जुन्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात वरच्या वर्गातील मंडळी असतात, त्यांची टिपणे असतात, महागड्या शिकवणीचे वर्ग हाकेच्या अंतरावर असतात. तेथे गुपित राहत नाही. परंतु गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बाळंतपणे करणाऱ्या तरुण डॉक्टरापर्यंत ते पोहोचावयास वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. गुप्ततेचे कुलूप सर्वांना सारखे लागत नाही. किल्ली विकत घेणाऱ्यास ते उघडते. म्हणून जुने प्रश्न राजरोस छापणे हा लाड नसून समानतेचा उपाय आहे, हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईने दाखवून दिले होते.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न छापा म्हणता, पण मग सारे ते पाठच करतील! या आक्षेपाचे उत्तर अलीकडील मानसशास्त्राने दिले आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने थोडा वाचून पुढे पुस्तक मिटून आठवण्याची चाचणी तीन वेळा दिली. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले, चाचणी देणाऱ्यांना 61 टक्के. लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हाच प्रयोग निवासी डॉक्टरांवर प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून अधिक काळ गेल्यावर चाचणी देऊन शिकलेल्यांचे गुण 39 टक्के आणि टिपणे वाचून शिकलेल्यांचे 26 टक्के निघाले. प्रश्न हे नुसते मोजमाप नाही, ते शिकण्याचे साधनही आहे, हे यावरून स्पष्ट होते.

पण हा लाभ कोणाला? जो आधी आपले उत्तर मनाशी ठरवतो आणि मग पडताळतो त्याला. प्रश्न आणि उत्तर एकाच नजरेने वाचून खूण करणाऱ्यास तो मिळत नाही. तो सुश्रुताच्या चंदनवाहकाचाच भाऊ. मागील प्रश्नांचा खरा उपयोग करणारा उमेदवार बरोबर पर्यायापाशी थांबत नाही. उरलेले तीन पर्याय का चुकीचे, आणि कोणता शब्द बदलला तर त्यांतील एखादा बरोबर ठरेल, हे तो मूळ ग्रंथात पाहतो. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवतो आणि काही दिवसांनी तेच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारतो. असा एक प्रश्न शंभर घोकलेल्या उत्तरांपेक्षा अधिक शिकवतो.

आणखी एक सावधगिरी हवी. जुना प्रश्न जुन्या ज्ञानाचा असतो. जठरव्रणाचे कारण काय, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी आम्ल आणि मानसिक ताण असे दिले जाई. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागचा जंतू दाखवून दिला, आणि 2005 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. दुबळ्या हृदयाच्या रोग्यास बीटा-ब्लॉकर वर्गाची औषधे देऊ नयेत, असे एकेकाळी शिकवीत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर तीच औषधे, स्थिर झालेल्या रोग्यास बेताबेताने वाढवीत, त्या रोगाच्या उपचाराचा आधार बनली. ज्याने केवळ जुनी उत्तरसूची पाठ केली, त्याला कदाचित गुण गमवावे लागतील. पण तो तेच उत्तर घेऊन रोग्याच्या खाटेपाशी गेला, तर गमावण्याचे मोल रोग्याला द्यावे लागेल.

परीक्षा सुधारण्याचे उपायही इतिहासात आहेत. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली एक नवी परीक्षा मांडली. उमेदवाराने ठरावीक वेळात एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जावयाचे, कोठे रोग्याशी बोलावयाचे, कोठे पोट तपासावयाचे, आणि परीक्षकाने हाती असलेल्या यादीप्रमाणे गुण द्यावयाचे. येथे सर्व उमेदवारांना सारखाच प्रश्न मिळतो, पण उत्तर हातांनी द्यावे लागते. यात विचारल्या जाणाऱ्या गोष्टी आधी फुटल्या तरी फारसे बिघडत नाही. पोट कसे तपासावे हे ठाऊक असणाऱ्याने घरी शंभर वेळा सराव करून यावे, आपले तर भलेच होईल! ज्या परीक्षेची पूर्वतयारी म्हणजेच प्रत्यक्ष कामाची तयारी असते, तिला प्रश्न फुटण्याचे भय थोडे. परीक्षेची ही कसोटी ज्याच्या हाती प्रश्न काढण्याचे काम आहे त्याने ध्यानात धरावी.

तेव्हा आरंभीच्या वडिलांना काय सांगावे? मुलीच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका. ते वाईट नाही. फक्त तिच्याशेजारी बसा, एखादा प्रश्न वाचून दाखवा, आणि तिने पर्यायाचे अक्षर सांगितले की विचारा, “असे का?” तुम्हाला वैद्यक कळले नाही तरी चालेल. तिला उत्तर समजावून सांगता आले तर अभ्यास बरोबर चालला आहे. आणि आपण नागरिकांनी परीक्षा घेणाऱ्यांकडे एवढीच मागणी करावी की, परीक्षा होऊन गेल्यावर प्रश्न आणि उत्तरे सर्वांसमोर ठेवा. गेल्या शतकाआधीच्या विद्यापीठाला खिळे जुळवून छापण्याच्या काळात जे जमले, ते आज न जमण्यासारखे नाही.